साठ अंशांचं पाणी

वेदिकाने मशीनचं बटण साठवर फिरवून सुरू केलं, तोच पद्माकररावांनी मागून हात लांब करून ते बंद केलं.

“अभ्र्यांना साठ? तीस पुरे.”

“बाबा, आज साठवरच लावायचेत.”

“इथलं पाणी जड आहे. तापवलं की हीटरवर क्षार बसतो. शिवाय रंग उतरेल तो वेगळाच.”

या वादाचा हा तिसरा शनिवार. पद्माकररावांनी एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात इलेक्ट्रॉनिक भागांची तपासणी केली होती, आणि निवृत्तीनंतर तपासायला घरात एवढं एकच यंत्र उरलं होतं. त्याच्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तक्ता चिकटवला होता. कुठल्या वारी कुठले कपडे, किती तापमान, किती वेळ पिळायचं, सगळं त्यात. सासरे स्वतः कपडे धुतात म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणी वेदिकाचा हेवा करत. घेऊन जा म्हणावं आठवडाभर!

तक्त्यात चादरी होत्या, टॉवेल होते, पायपुसणीसुद्धा होती. बायकांचे आतले कपडे नव्हते. ते घरातल्या दोघी हाताने धुवून बाथरूममध्ये गीझरमागच्या दोरीवर टाकत आणि वर एक जुना परकर पसरत. वेदिका लग्न होऊन येलहंक्याच्या या फ्लॅटमध्ये आली, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तो परकर दाखवला होता. “हा असाच वर राहू दे. माणसं येतात-जातात.”

तिथे ऊन म्हणून पोचत नसे. दोन दिवसांनीही कपडे हाताला दमट लागत, कुबट वास येई. वीस दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं आणि स्पष्ट सांगितलं, कपडे साठ अंशांवर धुवा, उन्हात वाळवा, नाहीतर हे मलम वर्षभर लावत बसाल. वीस दिवसांत वेदिकाला ना साठ मिळाले, ना ऊन. मीटिंगमध्ये तिला खुर्चीवर धड बसता येत नव्हतं, रात्री झोप येत नव्हती. आणि भांडण कशासाठी, तर एका बटणासाठी.

“मी बोलतो बाबांशी. योग्य वेळ बघून,” असं ध्रुवने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तीन वेळा सांगितलं होतं. मुहूर्त काही निघत नव्हता. आताही तो हॉलमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला होता, जसं काही त्याला ऐकूच येत नव्हतं.

पद्माकररावांनी मशीनचं दार उघडून अभ्रे बाहेर काढायला सुरुवात केली. चार अभ्रे निघाले आणि मागोमाग जाळीची छोटी पिशवी आली.

“ह्यात काय आहे?”

मोजे, असं सांगता आलं असतं. पण मोजे म्हणून दोनदा सांगून झालं होतं, आणि मोज्यांना चाळीस पुरतात हेही दोनदा ऐकून झालं होतं.

“माझे आतले कपडे आहेत, बाबा. मला इन्फेक्शन झालंय. डॉक्टरांनी साठवर धुवायला सांगितलेत. आता लावू?”

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. हॉलमधला व्हिडिओ थांबला. पद्माकररावांनी चटका बसावा तशी पिशवी सोडली, चष्मा काढला, परत घातला.

“मी जरा दूध घेऊन येतो,” ते म्हणाले. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या होत्या.

दोन तासांनी वेदिका बाल्कनीत गेली आणि बाहेरच्या तारेवर, थेट उन्हात, एकेक कपडा पसरू लागली. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते आहे याचाच जास्त राग येत होता. समोरच्या बाल्कनीत भाग्यलक्ष्मी अक्का कुंड्यांना पाणी घालत होत्या. आता त्या काय म्हणतात म्हणून वेदिकाने दात आवळले.

“गाळि इदे, क्लिप हाकम्मा!” त्यांनी कानडीत ओरडून सांगितलं. वारा आहे, चिमटे लाव. एवढंच, आणि त्या पुढच्या कुंडीकडे वळल्या.

अंघोळ करून ती परत आली तर तारेवर एक भला मोठा टॉवेल पसरलेला, आणि कपडे त्याच्या खाली गुडूप. प्रतिमाताई, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघरात गवार निवडत होत्या.

“आई, टॉवेल तुम्ही टाकलात?”

“समोर वस्ती आहे गं.”

“त्यांना ऊन लागायला हवंय.”

“चौतीस वर्षं मी आतच वाळवते. माझं नाही काही अडलं.”

“तुमचं नसेल. माझं अडलंय.”

वेदिकाने जाऊन टॉवेल ओढून काढला आणि खुर्चीवर भिरकावला. “अगं, जरा हळू...” असं ध्रुव म्हणू लागला, तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

पद्माकरराव आमटी-भात खाऊन, मान वर न करता झोपायला गेले. मग ध्रुवही आत गेला. दुपारी वेदिकाने तारेवरचे कपडे काढले तेव्हा ते कडकडीत वाळले होते, हाताला उबदार लागत होते. ते घेऊन ती आत आली तर मशीनपाशी प्रतिमाताई उभ्या. मशीनला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. पदराखाली त्यांनी काहीतरी घट्ट धरलं होतं आणि पदर ओला होत चालला होता.

“साठ कुठे असतं ह्यात?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

वेदिकाने बोटाने दाखवलं. प्रतिमाताईंनी हातातलं सगळं पदराआडूनच आत सारलं. दार मात्र लावलं नाही.

“ते मलम लावतेस ना तू... त्याने खाज थांबते?”

“थांबते म्हणाल्या डॉक्टर. कपडे असे धुतले, वाळवले तर.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

प्रतिमाताई मशीनचं दार हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“आई, तुम्हाला कधीपासून होतंय?”

“ध्रुव झाल्यापासून,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, ते असतंच.”