चार बोटं कमी

मर्ल स्टोव्हरनं दांडा गवतात टेकवला आणि साखळी ताठ होईपर्यंत ओढली. मैदानावर वाऱ्याखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

कॉर्विनचं अख्खं गाव बाकांवर उभं होतं. शनिवारची दुपार असूनही दुकानं बंद होती, पेट्रोल पंपाला कुलूप होतं, आणि ज्या म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही तेही कठड्याला धरून मैदानाच्या कडेला येऊन थांबले होते. मिनिटभराचा खेळ उरला होता. हॉलिसची पोरं तीन गुणांनी पुढं होती आणि हा कॉर्विनचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता. अमेरिकन फुटबॉलमधली ही दोन दांड्यांमधली साखळी दहा यार्डांची असते; चार प्रयत्नांत तेवढं पुढं सरकलं तर चेंडू आपल्याकडं राहतो. नाहीतर सामना जातो, आणि आज सामन्याबरोबर हंगामही जाणार होता. चेंडू घेऊन धावलेला पोरगा मर्लचा नातू होता, कोडी. हॉलिसच्या चार धटिंगणांना अंगावर घेऊन तो पडला होता आणि आता हेल्मेट काढून, गुडघ्यावर बसून साखळीकडं बघत होता.

पंच वाकला. पंच म्हणजे नील टीग, पलीकडच्या ब्रेनर्डचा गुरांचा डॉक्टर. कॉर्विनमधल्या निम्म्या गाईगुरांच्या पोटात ज्याचा हात कोपरापर्यंत जाऊन आलेला, तो हा माणूस. लंबगोल चेंडूचं टोक आणि मर्लचा दांडा यांच्यामधली फट त्यानं नीट पाहिली, मग सरळ उभा राहून दोन्ही तळवे समोरासमोर धरले आणि ती गावाला दाखवली. चार बोटं कमी. मग त्यानं हात हॉलिसच्या बाजूला केला, म्हणजे चेंडू आता त्यांचा.

कुणी ओरडलंसुद्धा नाही. मर्लच्या बायकोनं, लोर्नानं, कॉफीचा कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला.

साखळी धरणाऱ्यानं मैदानावर तोंड उघडायचं नसतं. तो यजमान गावचा असला तरी तेवढ्या वेळापुरता कुणाचाच नसतो. नव्या माणसांना हा धडा मर्ल स्वतः देत आला होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानं दांडा खाली आपटला.

"आंधळा झालास का रे, नील? हातभर मागं ठेवलास चेंडू!"

"पडला तिथंच ठेवलाय, मर्ल. पुढचं साखळीनं सांगितलं."

"साखळीचं नाव नको घेऊस! साखळी मी सांभाळतो!"

एवढं पुरलं. गावाला जे म्हणायचं होतं ते कुणीतरी म्हटलं होतं, आणि तेही मैदानावरच्या माणसानं. बाकांवरून आधी शिव्या आल्या, मग कप, मग बर्फ. शेरीफच्या दोन माणसांनी टीगला मधे घेतलं आणि बाजूला नेलं. साखळी तशीच गवतात पडून राहिली. मर्लनं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी तो विल्माच्या हॉटेलात शिरला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले. त्याच्या कॉफीचे पैसे विल्मानं घेतले नाहीत. तिनं समोरच्या काचेवर मोठा कागद चिकटवला होता: 'टीगला शिट्टी नको, काठी द्या.'

"बरोबर बोललास बघ त्याला," हॉइट म्हणाला. हॉइटकडं तालुक्यातली सगळ्यांत जास्त गुरं होती आणि त्यामुळं मतंही. "मी तर त्याला फोनच केला. म्हटलं, लस टोचायला येऊ नकोस. ज्याला चेंडू दिसत नाही त्याला माझ्या गाईची शीर काय दिसणार?"

सगळे खो खो हसले. मर्लही हसला.

"बुधवारी संध्याकाळी राज्याच्या क्रीडा संघटनेचा माणूस येतोय शाळेत," हॉइट पुढं म्हणाला. "टीगला कायमचा घरी बसवायचा. तू सगळ्यांत जवळ होतास, तूच बोल."

"बोलतो की. घाबरतो काय कुणाला!"

घरी मात्र टाळ्या वाजल्या नाहीत. लोर्नानं बटाटे त्याच्या ताटात जरा जोरातच वाढले.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "फेब्रुवारीत आपली घोडी अडली होती तेव्हा याच आंधळ्यानं पेंढ्यात बसून रात्र काढली. तेव्हा त्याला बरं दिसत होतं."

"घोडीचं वेगळं, हे वेगळं. पोराचं शाळेतलं शेवटचं वर्ष गेलं, लोर्ना."

कोडी समोरच बसला होता. त्यानं अजून घास उचलला नव्हता. संघाचं जाकीट शनिवारी रात्रीच घडी घालून कपाटाच्या तळाशी गेलं होतं.

"आजोबा, तुम्ही नका बोलू बुधवारी," तो म्हणाला. "डॉक्टरांची चूक नाही. मीच पोचलो नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. शेवटच्या पावलाला मी डोळे मिटले. भीती वाटली मला. नसते मिटले तर पोचलो असतो."

एवढं बोलून तो उठला. ताट तसंच राहिलं. मर्लला राग आला, आणि तो सगळा टीगवर आला. चेंडू मागं ठेवला तो त्यानं, आणि पोर स्वतःला खातंय! बुधवारी पुरावाच नेऊन समोर टाकायचा, असं त्यानं ठरवलं.

मंगळवारी बातमी आली. टीगच्या दवाखान्याच्या खिडकीवर कुणीतरी दगड घातला होता. खिडकीखाली पिंजऱ्यात नुकतंच पोट शिवलेली एक कुत्री होती, सगळ्या काचा तिच्या अंगावर पडल्या. मर्लनं फोन ठेवला. दगड? नीलच्या दवाखान्यावर? आपल्या गावातलं कुणीतरी?

"मी काही कुणाला दगड मारायला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही," लोर्ना म्हणाली. "तू नुसतं आंधळा म्हणालास."

बुधवारी दुपारी मर्ल एकटाच मैदानावर गेला. विल्माच्या पुतण्यानं फोनवर घेतलेलं चित्रण त्यानं दहादा पाहिलं होतं. कोडी पडला तिथं गवत उपटलं गेलं होतं, ती जागा ओळखू येत होती. साखळी लावायची, अंतर मोजायचं आणि संध्याकाळी टीगच्या तोंडावर मारायचं, असा बेत होता.

अवजारांच्या खोलीत साखळी खुंटीला टांगलेली होती. तिची नीट गुंडाळी केलेली होती आणि वर निळी पट्टी बांधलेली होती, घोड्याच्या पायाला गुंडाळतात तसली, ताणली जाणारी. मर्ल साखळी नेहमी दोरीनं बांधायचा. शनिवारी ती आपण मैदानातच टाकून आलो होतो हे त्याला आठवलं. कुणीतरी उचलून ठेवली असेल. पट्टी सोडून त्यानं खिशात घातली.

साखळीचं एक टोक त्यानं सहज म्हणून चाळीस यार्डांच्या पांढऱ्या रेषेवर ठेवलं आणि दुसरं घेऊन चालत तिसाच्या रेषेपर्यंत गेला. साखळी ताणली. दांडा रेषेच्या पलीकडं गेला.

थोडाथोडका नाही, जवळजवळ वीतभर.

मागचा दांडा हलला असेल. तो परत गेला, तो नीट रोवला, पुन्हा ताणली. वीतभर. मग रेषाच चुकली असेल. तिसापासून वीस, विसापासून दहा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनही लावून पाहिली. नोव्हेंबरच्या थंडीत त्याला दरदरून घाम फुटला. रेषा सगळ्या जागच्या जागी होत्या. साखळीच लांब होती.

मग त्यानं ती गवतावर पसरली आणि कडी कडी हातातून सरकवत निघाला. मध्यावर त्याचा हात थांबला. इथं कड्या जाड होत्या, काळपट, त्याच्याच वेल्डिंगच्या दुकानातल्या. सप्टेंबरात गवत कापायच्या गाडीखाली साखळी चिरडली होती. प्रशिक्षक नवी मागवतो म्हणाला तर मर्लच म्हणाला होता, कशाला नवी? मी बसलोय ना. त्यानं चेपलेल्या कड्या कापून टाकल्या, ट्रॅक्टरच्या साखळीचा तुकडा मधे घातला, दोन्हीकडं झाळून दिला आणि सगळ्यांना सांगत सुटला की आता हत्तीनं ओढली तरी तुटायची नाही. तुकडा केवढा काढला आणि केवढा घातला, हे मोजायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बाप सांगायचा, दोनदा मोज, एकदा काप. आयुष्यभर तेच केलं, आणि नेमकं इथं नाही.

चार बोटं कमी. आणि साखळी वीतभर जास्त.

मर्ल गवतातच बसला. पोर पोचलं होतं. डोळे मिटून का होईना, पोचलं होतं. आणि आपण दांडा आपटून दुसऱ्याला आंधळा म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय? त्यानं नाक पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी निळी पट्टी हाती आली.

घोड्याच्या पायाची पट्टी खिशात घेऊन फिरणारा माणूस त्याला एकच माहीत होता.

टीगच्या खिडकीवर फळी ठोकलेली होती. आत तो स्वतः जमिनीवर बसून चिमट्यानं कुत्रीच्या केसांतले काचेचे कण काढत होता. त्यानं वर पाहिलं. मर्लच्या हातात पट्टी होती.

"दार लाव. वारा येतो," टीग म्हणाला.

"तू मोजलीस."

"गुंडाळत होतो. रेषेवर पडली होती, सहज लक्ष गेलं."

"शनिवारीच?"

"शनिवारीच. सगळे गेल्यावर टोपी शोधायला परत आलो होतो."

मर्लला बसायला स्टूल दिसत होतं, पण बसवेना.

"चार दिवस झाले, नील. लोकांनी तुला नको नको ते म्हटलं. हॉइटनं काम काढून घेतलं. ही खिडकी... आणि तू गप्प?"

"सामन्याआधी साखळी तपासणं कुणाचं काम असतं, मर्ल?"

टीगनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"माझं. नियमच आहे तसा. मैदानावर पसरायची, रेषेला लावायची, दोन मिनिटांचं काम. नवे सांधे मला दिसले होते. विचारलं तर तुमचा प्रशिक्षक म्हणाला, मर्लनं जोडलीय. म्हटलं, मर्लनं जोडलीय म्हणजे बघायला नको." त्यानं काचेचा एक कण बशीत टाकला. "चूक झाली ती झाली. आता ती कुणाच्या तरी दारात जाऊन बसणार. मी ब्रेनर्डचा. तुम्हाला कॉर्विनमध्येच राहायचंय, तुला आणि त्या पोराला."

"पोराला वाटतंय, तो घाबरला म्हणून हरलो."

टीगचा चिमटा थांबला. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती.

"हे मला सुचलंच नाही," तो म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता. "मी नुसता तुझाच विचार केला."

संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. संघटनेचा माणूस टेबलाशी कागद लावून बसला होता. हॉइट पहिल्या रांगेत होता, विल्मानं काचेवरचा तो कागदही बरोबर आणला होता. कोडी अगदी मागं भिंतीला टेकून उभा होता. लोर्नानं त्याला ओढूनच आणलं असावं.

"या, मर्ल स्टोव्हर," हॉइट म्हणाला. "सांगा यांना, किती मागं ठेवला ते."

मर्ल दारातून आत आला तो साखळी ओढत. फरशीवरून तिचा खणखणाट होत होता, तशी एकेक रांग गप्प होत गेली. टेबलापाशी येऊन त्यानं ती खाली टाकली.

"चेंडू बरोबर जागी होता," तो म्हणाला. "साखळी चुकीची आहे. वीतभर लांब. सप्टेंबरात मी जोडली, आणि मोजली नाही."

क्षणभर लोकांना कळेनाच. मग हॉइट हसला, पण ते हसू कुणी उचललं नाही.

"मर्ल, तुझी तब्येत बरी नाही," तो हळूच म्हणाला. "बस खाली. हे हॉलिसवाल्यांना कळलं तर जन्मभर हसतील आपल्याला."

"हसू देत. ज्याला पटत नसेल त्यानं मैदानावर चलावं. दिवे लावून ठेवलेत मी."

विल्माच्या हातातला कागद खाली गेला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मागून गर्दी बाजूला सारत कोडी पुढं आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे मी..."

"पोचला होतास, बाळा. पोचून निदान चार बोटं वर होतास. तू हरला नाहीस. मी हरवलं तुला."

मर्लला वाटलं, आता हा ओरडेल, निघून जाईल, आणि गेला तर त्याचं बरोबरच असेल.

"डॉक्टरांना सांगितलं का कुणी?" कोडीनं विचारलं.

"त्यांना शनिवारपासून माहीत आहे."

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली, तेवढंच. शनिवारपासून. म्हणजे फोनच्या आधी, कागदाच्या आधी, दगडाच्या आधी. तिसऱ्या रांगेत विल्माचा पुतण्या बसला होता. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दडवले, आणि ते त्याच्या काकूनं पाहिलं.

"मग ते बोलले का नाहीत?" कोडी म्हणाला.

मर्लनं साखळीकडं बोट केलं. नातू खाली बसला, साखळी उचलून कडी कडी सरकवत मध्यावर आला आणि जाड तुकड्यापाशी थांबला.

"हाच का?"

"हाच."

कोडीनं दोन्ही बाजूंनी धरून तो जोर लावून ओढला. मर्ल सांगत सुटला होता तसाच, सांधा तसूभरही हलला नाही.