पंपवालीच्या डोक्यातली गुंतवळ

“एवढीच?”

ऐकलंत, मित्रांनो? बेचाळीस वर्षं जिच्या डोक्यात मी संसार केला, ती बाई बरणीला नाक लावून मला म्हणते, एवढीच! ना विचारपूस, ना दोन शब्द. म्हणाली आणि पिशवी सावरत इस्पितळाच्या बाकावर लेकीशेजारी जाऊन बसली. आतून तिच्या नावाचा पुकारा व्हायचा आहे. तोवर माझं सांगून घेते. नंतर मला कोण विचारतंय!

मी एक जुनी गुंतवळ आहे. फणीत अडकते ती केसांची नव्हे, मी रक्तवाहिन्यांची. डोक्यात होते तेव्हा लिंबाएवढी होते. रक्त गेलं आणि औषधाच्या पाण्यात बसून बोराएवढी झाले, म्हणून तर हिला तोंड फुटलं. मला अक्षरओळख नाही. चार शब्द येतात ते डोक्यात बसून ऐकलेले. शाळेत बसून ऐकलेल्यापेक्षा ते जास्त टिकतात.

माझा जन्म तिच्या जन्माच्या आधीचा. आईच्या पोटात तिचा मेंदू विणला जात होता, तेव्हाचा. हृदयाकडून रक्त आणणारी ती धमनी, परत नेणारी ती शीर. धमनी जोरकस, शीर मऊ. दोघींची थेट गाठ पडू द्यायची नसते. मध्ये केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, ते रक्ताचा जोर मोडतं. तापट सासू आणि नवी सून यांच्यामध्ये घरात चार समजूतदार माणसं असावीत, तसं. माझ्या जागी ती चार माणसं विणायचीच राहून गेली. का राहिली ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कुणी पाप केलं नव्हतं, कुणाची दृष्टही लागली नव्हती. धमन्या थेट शिरांत घुसल्या, शिरा फुगल्या, एकमेकींवर वळल्या, आणि मी झाले. उजव्या बाजूला, मागे. डोळ्यांनी पाहिलेलं जिथे समजून घेतात, त्या खोलीच्या दाराशी.

कित्येक वर्षं मी ब्र काढला नाही. पण गप्प होते म्हणजे झोपले होते असं समजू नका. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या शिरांची भिंत ताणली जात होती, दिवसाकाठी लाख वेळा. लाख वेळा पिळलेलं कापड कुठून फाटेल, ते पिळणाऱ्याला कळत नाही.

मोठी होऊन ती पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात लागली. तीन पंप, माणसाच्या कमरेएवढे जाड निळे पाइप, भिंतीवर ओळीने दाब दाखवणारे गेज. तिला काटे बघायची गरजच नसे. दारातूनच सांगायची, दोन नंबरचं बेअरिंग कोरडं आहे. काम असं चोख की फिटरकाका, वयाने वडील असूनही, तिला वचकून असत. एकदा त्यांनी जॉइंट दुरुस्त केला आणि हात पुसले.

“झालं हो ताई. चार बोल्ट आवळले. आता काय त्याची दृष्ट काढू?”

“पंप लावा. पुरा दाब येऊ दे. मग जॉइंटवरून कोरडा हात फिरवा. ओला नाही लागला तर घरी जा.”

“उद्या फिरवतो की.”

“उद्या फिरवणारा कामचुकार, काका. दाबाला उद्या कळत नाही.”

तिच्या तोंडात याहून मोठी शिवी नव्हती. पंपहाउसात तो नियमच होऊन बसला.

तिशी उलटली तेव्हा माझा आवाज तिच्या उजव्या कानापर्यंत पोहोचला. हुश्श... हुश्श... ठोक्याला ठोका. दुसरी एखादी बाई घाबरून कुणाला तरी दाखवती. ही पडली पंपवाली! म्हणाली, दोन नंबर कुरकुरतोय. काकांनी बेअरिंग बदललं. आवाज तसाच. पुन्हा बदललं. काका वैतागले. “ताई, नवं कोरं आहे हो, नवरीसारखं!”

एके दुपारी वीज गेली. तिन्ही पंप थांबले. इतकी शांतता की पाइपावरून सुटलेला थेंब जमिनीवर पडलेला ऐकू यावा. ती अंधुक उजेडात उभी राहिली, मान तिरकी केली, आणि तिला ऐकू आलं. हुश्श... हुश्श...

“काका, पाइपात अजून पाणी वाहतंय.”

“नाही हो. लाइन रिकामी आहे.”

“मला ऐकू येतंय ना!”

मित्रांनो, पाणी नव्हतं. मी होते.

यंत्राचा आवाज ओळखणारी माणसं अशीच फसतात. त्यांना प्रत्येक आवाज यंत्राचाच वाटतो.

मग मी खुणा केल्या. डोकं दुखवलं. डाव्या बाजूला नागमोडी उजेड नाचवला. लेक म्हणायची, “आई, एकदा दाखवून ये ना.” ही म्हणायची, “चष्म्याचा नंबर वाढलाय गं. मला कुठे धाड भरलीय!” आणि गोळी गिळून ड्यूटीवर. मी सांगून सांगून थकले. माझी एक शीर आता कागदासारखी झाली होती.

ती उसवली एका सकाळी, साडेदहाला. पंपवाली व्हॉल्व्हचं मोठं चाक फिरवत होती. चमचाभर रक्त गेलं असेल, जास्त नाही. ती “अगं आई” म्हणाली, चाकावरचे हात सुटले, आणि फरशीवर पडून तिचं अंग झटके खाऊ लागलं. मला आनंद झाला नाही, पण खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं नाही. फुटणं हा माझा स्वभाव नव्हता, ती माझी बांधणी होती.

इस्पितळात त्यांनी तिच्या मांडीतून केसासारखी नळी घातली, मानेतून वर नेली आणि रंगाचं औषध सोडून माझा फोटो काढला. पहिल्यांदा कुणी माझं तोंड पाहिलं. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तो फोटो पंपवालीसमोर धरला.

“एकदा फुटलीय. पुन्हा फुटेल का, कधी, ते मी सांगू शकत नाही. किरणांनी सुकवता येते, पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर धोका तसाच. नाहीतर आधी आतून डिंकासारखं औषध भरायचं आणि मग कवटी उघडून काढायची. त्यातही धोका आहेच.”

“आणि काहीच नाही केलं तर?”

“काहींचं आयुष्य तसंच निघून जातं. काहींचं नाही.”

लेक रडायला लागली. पंपवाली मात्र फोटोवर बोट फिरवत राहिली. तिला मी कळले होते. आयुष्यभर दाबाशी खेळलेली बाई ती. मोठ्या दाबाची लाइन मध्ये काही न घालता पातळ पाइपाला जोडलेली आहे, हे तिला न शिकवता दिसलं.

“बाई, मला एकच सांगा. आधी कुठली लाइन बंद करणार?”

डॉक्टरीणबाईंनी फोटोवर पेन टेकवलं. “येणाऱ्या. एकेक करून. जाणारी सगळ्यात शेवटी.”

“जाणारी आधी बंद झाली तर?”

“तर टेबलावरच फुटेल.”

“आमच्याकडेही पाइप अस्सेच फुटतात. कुठे सही करू?”

आधी माझ्या दोन धमन्यांत डिंक भरला. चार दिवसांनी कवटी उघडली. सहा तास. एकेक येणारी वाट त्यांनी चिमटा लावून मिटवली. शीर एरवी निळी असते, माझी जाणारी शीर मात्र धमनीच्या थेट रक्ताने जन्मापासून लालभडक होती. शेवटची धमनी मिटली, आणि ती हळूहळू निळी पडली. मुखवट्याआडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता.” मग तीही मिटली. हुश्श थांबलं.

ती वाचली. पण चमचाभर रक्ताने नेलेला नजरेचा डावा कोपरा परत आला नाही. अजून तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी आला असतात तर निदान बसून विचार करता आला असता.” आणि मला त्यांनी शिकणाऱ्या मुलांसाठी या बरणीत घालून इथे बाकासमोर ठेवलं.

मित्रांनो, प्रत्येक दुखऱ्या डोक्यात मी नसते. फार थोड्या डोक्यांत असते. म्हणून घाबरू नका. पण कानात ठोक्याबरोबर आवाज येत असेल, डोळ्यांपुढे उजेड नाचत असेल, तर लपवू नका. घरच्यांना सांगा, आणि घरचे टाळत असतील तर त्यांच्या मानगुटीवर बसा.

हे सगळं मी का सांगत बसले? कारण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “आत्ता सगळं स्वच्छ दिसतंय. तरी सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा. एखादा धागा मागे राहिला असेल तर तेव्हा दिसेल.” त्याला आज दहा महिने झाले. दोन तारखा हिने बुडवल्या. आज लेकीने ओढून आणली.

आणि बघा, फोन वाजलाच. पंपहाउसातून फिटरकाका. दोन नंबर बसलाय म्हणे. झाली उभी.

“आई, पुढचा नंबर आपलाच आहे!”

“पुढच्या महिन्यात येऊ गं. मला काही होत नाही आता. आणि बघितलीस ना तिला बरणीत? निघाली ती निघाली.”

मी बरणीत आहे हे खरं. सगळी आहे का? ते मला माहीत नाही. गुंतवळीला आपली टोकं मोजता येत नाहीत.

चालली. डावा खांदा चौकटीला लागला बघा. काचेतून आवाज जात नाही हे मला ठाऊक आहे. पण बेचाळीस वर्षं डोक्यात राहून हिने ऐकलं नाही, तर काचेचा काय बाऊ करायचा? मोठ्यानेच सांगते.

थांब गं! मला एवढीच म्हणालीस, आता माझंही ऐकून जा. दुरुस्ती झाली, पुरा दाब सुरू झाला, आणि जॉइंटवरून कोरडा हात न फिरवता तू निघालीस. बाई, कामचुकार आहेस तू.