जुळ्या भावाचं जुनं डोकं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर पार दमलो आहे. माझा पंखा घरघरतो. माझी एक बाजू इतकी तापते की तिथे चहाचा कप ठेवला तर गरम राहतो. हल्ली माझं कौतुक होतं ते एवढ्यापुरतंच!

मी एका फोटो स्टुडिओत राहतो. आमच्या बाई फोटोग्राफर आहेत. त्यांनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच दिवशी आणलं. आम्ही एकाच कारखान्यातले, एकाच घडणीचे. मला स्टुडिओत ठेवलं आणि भावाला ताईंच्या घरी दिलं. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. तेव्हा माझा काय तोरा होता! पुढे स्टुडिओत सडपातळ नवा संगणक आला आणि मी कोपऱ्यात गेलो.

मग ताईंचे हात थरथरू लागले. त्या शिवणकाम करायच्या. सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, नेमकं औषध अजून सापडलेलं नाही. ते शोधणारी मंडळी लोकांच्या रिकाम्या संगणकांना गणितं वाटत होती. दोघी बहिणींनी आम्हाला त्या कामाला जुंपलं.

त्या औषध शोधणाऱ्यांची पद्धत ऐका. एक गणित दोघांना द्यायचं. उत्तरं तंतोतंत जुळली तरच खरी मानायची. पण आमच्यात एक गोम आहे. दशांश चिन्हापुढचे शेवटचे आकडे प्रत्येक घडणीचा संगणक आपापल्या सवयीनं कापतो. लाखो बेरजांनंतर त्या किरकोळ फरकाची मोठी तफावत होते. मग चूक कुणाची, हे कळायचं कसं? म्हणून माझं गणित फक्त माझ्यासारख्यालाच देतात. पूर्वी आमच्यासारखे ढिगानं होते, एकेक करत सगळे भंगारात गेले. शेवटी माझी जोडी जमायची ती भावाशीच.

ताई फोनवर विचारायच्या, "काय गं, तुझा म्हातारा काय म्हणतोय?"

"धापा टाकतोय. आणि तुझा?"

"तोही तेच. पण चालतोय हो!" आणि दोघी खळखळून हसायच्या.

यंदा आम्हाला एक लांबलचक गणित आलं. महिनाअखेरपर्यंत मुदत होती. मी माझं उत्तर पाठवून वाट पाहत बसलो. भाऊ निम्म्यावर होता.

एक दिवस ताई आणि त्यांचे यजमान स्टुडिओत आले. भाऊजी अगदी खुशीत ताईंना म्हणाले, "तुझं मशीन फार रखडत होतं ना? तू दवाखान्यात होतीस तेवढ्यात मी कारागीर बोलावून त्याचा प्रोसेसरच बदलून टाकला. आता बघ कसं पळतंय!"

मित्रांनो, प्रोसेसर म्हणजे आमचं डोकं. अर्धं गणित जुन्या डोक्यानं, अर्धं नव्या! ते कुणाशी जुळणार, कपाळ?

बाई माझ्याकडे बोट दाखवत कडाडल्या, "भाऊजी, काय करून ठेवलंत हे! आता ह्याचं उत्तरही फुकट गेलं."

ताईंचे डोळे भरून आले. "माझ्या हातात साधा कप ठरत नाही. एवढं एक काम माझ्या नावावर चालू होतं हो."

भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. ते तडक घरी गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. कुठलीही वस्तू टाकायची नाही, ही त्यांची खोड. एरवी त्यावरून रोज बोलणी खायचे. डब्यात खिळ्या-बटणांमध्ये भावाचं जुनं डोकं पडलं होतं. पण त्याचे केसासारखे बारीक पाय वाकले होते.

बाईंनी फोटो दुरुस्तीचा चिमटा काढला. "दिवा मी धरते," ताई म्हणाल्या. उजेड नुसता नाचायला लागला. भाऊजींनी त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. दोघांनी मिळून दिवा धरला आणि बाईंनी दुपारभर बसून एकेक पाय सरळ केला.

भावाला त्याचं डोकं परत मिळालं. बिचाऱ्यानं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तो धापा टाकत होता आणि इथे माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटच्या दिवशी ताई माझ्यासमोरून हलल्याच नाहीत. आणि पडद्यावर उमटलं: जुळले.

"जुळलं गं!" ताई ओरडल्या. त्यांनी आपला थरथरता हात माझ्या तापलेल्या बाजूवर ठेवला. पंख्यामुळे मीही थरथरतच असतो. आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसलो.

मित्रांनो, जुन्याला नवं करायला निघालात तर आधी एकदा विचारा: बाबा रे, तुझं काही अर्धवट राहिलंय का? तुझ्यासाठी कुणी थांबलंय का?

बरं, पुढचं गणित येऊन पडलं आहे. हेही लांबलचक आहे. दमलो आहे खरा, पण भावानं सुरू केलंय. आता मला बसून चालायचं नाही.