वाचून दाखविला, समजला

“अंगठा इथं. आन् इथं.” अमृतरावांनी कागदावर पेन्सिलीनं दोन फुल्या मारल्या आणि शाईचं पॅड नीलाबाईंपुढं सरकवलं.

जळकोटच्या कचेरीबाहेर पत्र्याखाली बसून ते एकतीस वर्षं दस्त लिहीत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांना शहाणा म्हणावा असा माणूस भेटला नव्हता. वकील म्हणजे कोट घातलेले दलाल. वादी म्हणजे एक मूर्ख, प्रतिवादी म्हणजे दुसरा. आणि सगळ्यांत तळाला बहिणी. बाप गेला की भाऊ त्यांना जीपमध्ये घालून आणायचे, हातात साडीचोळी द्यायचे, आणि या बाया बापाच्या जमिनीवर पाणी सोडून साडीचे काठ चाचपत घरी जायच्या.

आजचा भाऊ होता बसवंत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, काखेत साडीची पिशवी. वारलेल्या आप्पांच्या नावचा एक कागद करायचाय, एवढंच सांगून त्यानं बहिणीला मुरुडहून आणलं होतं.

नीलाबाईंनी अंगठा पॅडवर दाबला, पण कागदावर टेकवला नाही.

“शेवटी काय लिव्हलाव, भाऊ?”

“‘वरील मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.’”

“कवा वाचला?”

अमृतराव चपापले. ही ओळ कॉम्प्युटरमध्ये कायमची तयार असायची. तिच्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

“अक्का, कामून येळ घालवायलीस?” बसवंत खेकसला. “घरचाच कागद हाय.”

“मग घरच्या माणसाला ऐकू दे की.”

गाढवापुढं वाचली गीता, असं मनाशी म्हणत अमृतरावांनी कागद उचलला. वाचला तोही बसवंतची जिरावी म्हणून.

“हक्कसोड म्हंजी?” बाईंनी अडवलं.

“हिरीकडच्या रानात तुमचा जो वाटा हाय, तो सोडला.”

“बिनमोबदला?”

“फुकट.”

“राजीखुशीनं?”

“कुणी जबरदस्ती केली न्हाई म्हणून.”

“आन् ते वारसाचं काय म्हणलाव?”

“तुमच्या लेकरांनाबी उद्या मागता येणार न्हाई.”

नीलाबाई भावाकडं वळून म्हणाल्या, “ती हीर खणली तवा माती म्या उपसली, बसू. तू पाळण्यात हुतास.”

त्यांनी त्याच्या काखेतल्या पिशवीतून नवीकोरी साडी काढली, जरीच्या काठाला अंगठा नीट घासून पुसला, साडीची घडी घातली आणि भावाच्या हातात दिली. “बायकूला दे,” म्हणाल्या आणि स्टँडच्या रस्त्याला लागल्या.

“तुमाला वाचायला कुणी सांगितलं हुतं?” बसवंत अमृतरावांवर ओरडला.

अमृतरावांना आपली सख्खी बहीण आठवली. चांगुणाचं हक्कसोडपत्र त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, याच पत्र्याखाली. ती चौथी शिकलेली, तिला वाचता येत होतं. “दादा, तू लिव्हलास म्हंजी बराबरच आसल,” म्हणून तिनं न वाचताच सही केली होती. केवढी खुळी, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

कागदात काय होतं ते तिला पुढं कळलं. ती भांडली नाही. दिवाळीला अजून येते, ओसरीवरच चहा घेते आणि आलेल्या बसनंच परत जाते.