अंगठा

सोनीबाईनं शेवटची चादर झटकून दोरीवर टाकली आणि फाटकाकडे पाहिलं. एक म्हातारा माणूस एकटाच पायवाटेनं येत होता. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. सोबत बॅग नाही, वळकटी नाही, बायकापोरं नाहीत. सालेटोल्याच्या त्या तळ्यावरच्या बंगल्यात बिनसामानाचा पाहुणा सहा वर्षांत कधी आला नव्हता. तिनं पदर खोचला आणि पायरीवर जाऊन उभी राहिली.

बंगला चांद्याच्या एका लाकडाच्या वखारवाल्या शेठचा होता. सुटीत लोक जंगल पाहायला यायचे, तीन-चार दिवस राहायचे. भाडं आणि शंभर रुपये अनामत चांद्याला वखारीतच भरून यायचे. सोनीबाई नि तिचा नवरा सुकलू मागच्या खोलीत राहून सगळी राखण करायचे. पहिल्याच वर्षी कोण्या पाहुण्यानं पितळेचा लोटा उचलून नेला आणि शेठनं त्याचे पैसे तिच्या पगारातून कापले. तेव्हापासून ती निघणाऱ्या पाहुण्यांसमोर एकेक वस्तू दोनदा मोजायची. चमचे, पेले, उशा, बादल्या. पाहुण्यांना राग यायचा. तिला त्याचं काही वाटायचं नाही. माणूस हसून बोलला की ती तिसऱ्यांदा मोजायची.

म्हातारा जवळ आला तसा तिनं ओळखला. दिवाळीनंतर तीन दिवस राहून गेलेले गुरुजी. देवाजी खोब्रागडे. चांद्याला हेडमास्तर होते म्हणून त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं.

"रामराम गुरुजी. चिठ्ठी कुठी हाये?" तिनं विचारलं. शेठची चिठ्ठी असल्याशिवाय ती दार उघडत नसे.

"जय भीम, बाई. राहायला नाही आलो. ती गॅसबत्ती पाहायला आलो."

"कोणती?"

"जी मी फोडली म्हणतात, ती."

सोनीबाईनं कमरेची किल्ली चाचपली. तिच्या मनात आलं, यांना शेठनं तर पाठवलं नाही? राखणदार बरोबर राखते की नाही ते पाहायला. शेठ असं करू शकतो. तिनं शेठला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो काहीही करू शकतो असंच तिला वाटायचं.

तिनं कुलूप काढलं. गॅसबत्ती कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली होती. गुरुजी बत्तीसमोर वाकले. काचेवरून बोट फिरवलं. काच जुनी होती, वरच्या बाजूनं पिवळी पडलेली. तळाशी बारीकशी हिरवी खूण होती. ती नेहमीचीच होती.

"काच बदलली काय नवीन?"

"नाई जी. घेतली तेव्हापासून हेच काच हाये."

"मग तू फुटली म्हणून काऊन सांगितलं?"

"मी?" सोनीबाईचा आवाज चढला. "मी काई सांगितलं नाई. तुमी गेले तेव्हा मी तुमच्यासमोरच मोजलं. सगळं बरोबर होतं. तुमच्या बाईंनी मले लाडू देल्ले होते."

गुरुजींनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. तो वाचताना त्यांचा आवाज शाळेत वाचावा तसा स्वच्छ होता. पाहुण्यांनी गॅसबत्ती फोडली व न सांगता निघून गेले. सदर बाब चौकीदारीण सोनीबाई हिने दिनांक एक डिसेंबर रोजी वखारीत समक्ष येऊन सांगितली. सबब अनामत रक्कम परत मिळणार नाही. खाली निशाणी डावा अंगठा.

"शंभर रुपये गेले, जाऊ दे," गुरुजी म्हणाले. "पण न सांगता निघून गेले. छत्तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं बाई, की फोडलं तर सांगा. आणि या कागदावर मीच." त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू? पैसे भरताना शेठनं माझं आडनाव दोनदा वाचलं होतं. मला वाटलं, त्याच्यामुळं. मग शेजारच्या डॉक्टरीणबाईला विचारलं, तीही इथं राहून गेली होती. तिचेही कापलेत. ती तर त्याच्याच जातीची. तिची बादली फुटली म्हणे."

"कोणती बादली?"

"ते तू सांग."

सोनीबाई आत गेली आणि बादल्या घेऊन आली. चार होत्या. चारही तिनं पायरीवर उलट्या ठेवल्या, सूर्याकडे धरून दाखवल्या. एकीलाही भोक नव्हतं. मग ती थांबली आणि म्हणाली, "तो कागद दाखवा मले."

"तुला वाचता येतं?"

"अंगठा दिसते ना."

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. निळ्या शाईचा, रुंद, टोकाला चपटा झालेला अंगठा होता. रेषा अखंड होत्या. सोनीबाईनं स्वतःचा डावा अंगठा पुढं केला. लहानपणी मोहफुलांच्या हंगामात कुऱ्हाड लागली होती. अंगठ्याच्या मधोमध आडवा वण होता, नांगरलेल्या शेतातून पायवाट जावी तसा.

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एकदा कागद, एकदा तिचा हात.

"एक तारखेला तू चांद्याला गेली होतीस?"

"मी कधीच नाई गेली वखारीत."

"मग कोण गेलं होतं?"

दोरीवरची चादर वाळली नव्हती, तरी सोनीबाई उठून ती उलटी करू लागली. "मले काय माहीत," ती पाठमोरीच म्हणाली.

छत्तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाला पाठमोरं उत्तर कळतं. गुरुजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला. "मी लिहितो. की गॅसबत्ती शाबूत आहे, अंगठा तुझा नाही. तू खाली अंगठा दे."

"तुमी काय लिवान ते मले काय समजते?"

"वाचून दाखवीन."

"शेठनंबी वाचून दाखवलंच असन कोणाले तरी."

गुरुजींच्या तोंडावर राग आला आणि लगेच ओसरला. "बरोबर आहे," ते म्हणाले. कागद घडी करून खिशात ठेवला. छत्री उचलली. "येत्या एक तारखेला अकरा वाजता मी वखारीत जाणार आहे. तू ये असं म्हणत नाही. तुझं पोट आहे त्याच्यावर."

ते फाटकापर्यंत गेले. सोनीबाई पाहत राहिली. म्हाताऱ्याच्या चपलेचा एक पट्टा सुतळीनं बांधलेला होता. शंभर रुपयांसाठी नसता आला हा इथवर. मोटारीचं भाडं, फाट्यापासून दोन कोस पायी.

"गुरुजी!"

ते वळून परत येईपर्यंत तिनं चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला अंगठा घासला. "लिवू नका काई," ती म्हणाली. "कोराच कागद द्या. नुसता अंगठा घ्या."

गुरुजींनी कोटावर कागद सपाट धरला. तिनं अंगठा दाबला. काळ्या ठशात मधला वण पांढरा उमटला. गुरुजींनी ठशावर फुंकर मारली. नखानं घडी घालून घालून त्यांनी ठशाच्या चारी बाजूंचा कोरा कागद फाडून टाकला. टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा उरला.

"आता याच्यावर कोणालाच काही लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "मलाही नाही."

उन्हं कलायच्या आत सुकलू बांबूचा भारा घेऊन आला. भारा टाकून त्यानं पाणी मागितलं. सोनीबाईनं पाणी दिलं आणि तो पितो तोवर त्याच्या हाताकडे पाहत राहिली. तासून तासून त्याच्या अंगठ्याचं टोक चपटं झालेलं होतं.

"एक तारखेले वखारीत किती ठिकाणी अंगठा देतोस?"

सुकलूनं तांब्या खाली ठेवला. "पगाराच्या वहीत."

"आन् आखीन?"

"एखादा कागद राह्यते. मुनीम म्हणे, इथीबी दे. मी देतो. मी काय इचारू त्याले?"

"तो अंगठा माह्या नावाचा हाये."

"मी म्हणलं ना त्यायले. म्हणलं, बायकोले आणू काय? तर शेठ हासला. म्हणे, नवरा-बायकोचा अंगठा एकच असते."

सोनीबाईनं त्याचा हात धरला आणि आपला अंगठा त्याच्या अंगठ्याला लावून उन्हात धरला. "एक दिसते काय?"

सुकलूनं पाहिलं. मान हलवली.

"पैसे भेटत होते?"

तो बांबूची साल सोलू लागला. "पाच पाच. मले वाटलं बक्षीस हाये. तुह्यासाठी पितळेच्या पाटल्या आणल्या त्या त्याच्याच." मग एकदम म्हणाला, "सोनी, तो काढून टाकन आपल्याले. कुठी जाऊ?"

ती आठवत होती. नागपूरचं जोडपं, ज्यांच्या तान्ह्या लेकराला तिनं रात्रभर मांडीवर घेतलं होतं. गडचांदूरचा तो तरुण इंजिनिअर, ज्यानं जाताना तिच्या पाया पडल्यासारखं केलं होतं. ती सगळ्यांकडे संशयानं पाहत होती, त्यांच्यासमोर चमचे तीनतीनदा मोजत होती. आणि ते सगळे घरी जाऊन तिच्या नावाचा कागद वाचत होते. तिला त्यांची गावंसुद्धा माहीत नव्हती, आणि त्या घरांत ती खोटारडी होती.

"किती कागद असतीन?"

सुकलूनं बोटांवर मोजलं. "आठ. नऊ असन."

तिनं हातातल्या पाटल्या काढल्या नाहीत. सुकलूला शिव्याही दिल्या नाहीत. चूल पेटवली, भात टाकला आणि म्हणाली, "एक तारखेले मी जातो चांद्याले. पगार माहा हाये."

वखारीत आऱ्याचा आवाज इतका होता की सोनीबाईला आधी कोण काय बोलतं तेच ऐकू येईना. लाकडाच्या भुश्शाचा वास जंगलातल्यासारखा नव्हता, कोरडा होता, घशाला लागत होता. गुरुजी बाकावर बसलेले होते. शेठ गादीवर. पांढरे कपडे, गोरा, सौम्य चेहऱ्याचा माणूस. सोनीबाईला तो काळा आणि मोठा असेल असं वाटलं होतं.

"मास्तर, तुम्ही मोठी माणसं," शेठ म्हणत होता. "मी काय तुमच्यावर आळ घेतो? माझी चौकीदारीण सांगते. अडाणी बाई, पण खोटं नाही बोलत. समोर येऊन तिनं अंगठा दिला, इथं, माझ्या डोळ्यांदेखत. आता मी तुमचं ऐकू की तिचं?"

गुरुजींनी सोनीबाईला पाहिलं होतं. त्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही.

सोनीबाई मुनीमाच्या डेस्कसमोर गेली. तिनं बंगल्याचं नाव सांगितलं आणि पगार मागितला.

"सुकलू नाई आला काऊन?" मुनीम वही काढत म्हणाला.

"पगार सोनीबाईच्या नावाचा हाये ना?"

"हो."

"मंग मीच सोनीबाई."

मुनीम तीस वर्षं ही वही लिहीत होता आणि आपल्या वहीबद्दल फार दक्ष होता; वहीत ज्या नावापुढं जो ठसा, तोच त्याच्या लेखी तो माणूस, मग तो कोणीही उमटवलेला असो. त्यानं शाईचा डबा पुढं सरकवला. तिनं अंगठा बुडवला, रकान्यात दाबला. मुनीमानं चष्मा वर करून ठसा पाहिला. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं; पगाराच्या ठशांखाली कापलेल्या अनामतींच्या नोंदी होत्या, पाहुण्यांच्या नावांसकट. पुन्हा पाहिलं. मग आऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून तो मालकाला म्हणाला,

"शेठजी, अंगठा जुळत नाई! ही बाई सोनीबाई नोहे. ही दुसरीच कोणी हाये!"

बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी मान वर केली. शेठनं पहिल्यांदा सोनीबाईकडे पाहिलं. त्याला ती कोण ते कळायला थोडा वेळ लागला. गुरुजी उठले, कोटाच्या आतल्या खिशातून टपालाच्या तिकिटाएवढा कागद काढला आणि वहीवरच्या ओल्या ठशाशेजारी ठेवला. एक काळा, एक निळा. दोन्हींत आडवा वण.

"वही बंद कर," शेठ हळूच म्हणाला.

मुनीमानं हात पुढं केला, पण सोनीबाईचा शाईचा हात आधीच पानावर होता.

"राहू द्या उघडी," ती म्हणाली. "गुरुजी, मागचे सगळे वाचा. कोणकोण पाहुणे होते, त्यायची नावं सांगा मले."