ओघवतं संभाषण

‘ओघवते संभाषणकौशल्य’ या शब्दांवर धाकट्याने बोट ठेवलं आणि ताईकडे पाहिलं.

“का-काढ हे.”

“राहू दे की! भारदस्त वाटतं.”

अर्जासोबतचं पत्र ताईनेच टाइप केलं होतं आणि इंटरनेटवरच्या नमुन्यांतलं जे जे चकचकीत दिसलं, ते सगळं त्यात कोंबलं होतं. पत्रातल्या माणसाला कुणीही हसत हसत नोकरी दिली असती. फक्त तो धाकटा नव्हता.

धाकटा चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. जुनं दुकान बंद पडल्यापासून घरीच होता. मधे दोन ठिकाणांहून फोन आले, पण ऐन वेळी जीभ अडकली आणि ‘आवाज येत नाही’ म्हणत पलीकडच्यांनी फोन ठेवून दिला. आता डोळ्यांच्या दवाखान्यात जागा निघाली होती. ही हातची जायला नको होती. त्याने एका चिठोऱ्यावर पत्रासाठी एक ओळ लिहून ताईपुढे सरकवली: ‘मी बोलताना अडखळतो. थोडा वेळ दिलात तर वाक्य पुरं करतो.’

“मार, आपल्याच पायावर धोंडा मारून घे! हे वाचून कोण बोलावणार?”

“पण नि-नि...”

“निदान आधी कळलेलं बरं, हेच ना?”

लहानपणापासून ताई त्याची वाक्यं संपवत आली होती. शाळेत, दुकानात, अगदी त्याच्या सासुरवाडीतसुद्धा. बहुतेक वेळा ती बरोबर संपवायची, हीच तर पंचाईत होती. धाकट्याने हात जोडले, ‘पाठव तुला हवं ते’ अशी खूण केली आणि उठून गेला.

ताई पुन्हा माहेरी आली होती त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

“आधी कुठं काम करत होतात?” दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं.

“च-च...” शब्द घशातच रुतून बसला. हातातला टॉवेल तसाच घेऊन ताई धावत आली. पण पलीकडे कुणी ‘हॅलो, हॅलो’ केलं नाही.

“सावकाश होऊ द्या,” बाई म्हणाल्या. “पत्र वाचलंय मी तुमचं.”

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. त्याने ते वाक्य पुरं केलं, मग पुढचं, आणि मग काचांबद्दल असा बोलत सुटला की बाईंनाच त्याला थांबवावं लागलं. सोमवारी काम दाखवायला या म्हणाल्या.

फोन ठेवून तो वळला. ताई घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत होती.

“ताई, तू ती ओ-ओ...”

ताईला पुढचा शब्द ठाऊक होता. तिने ओठ घट्ट मिटले, टॉवेल मांडीवर ठेवला आणि थांबून राहिली.