वहीची मागची बाजू

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. ताई एकोणीस वर्षांची होती, धाकटी अकराची, आणि दोघी मावशीच्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत राहत होत्या. ताई दिवसभर काजं करायची, गुंड्या लावायची आणि संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जायची.

वर्गाच्या मास्तरांची एक रीत होती. प्रत्येकाने एकच जाड वही दोन्हीकडून भरायची. पुढून सराव, म्हणजे समोर दिसेल ते. मागून स्वतःच्या मनातली चित्रं. त्या वर्षी एका छापखान्याला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारं माणूस हवं होतं. मास्तर ज्याची वही पाठवतील, त्याची नेमणूक होणार होती. ताईचा त्या कामावर जीव जडला होता.

तिची वही पुढून गच्च भरली होती. हात, नुसते हात. सुईत दोरा ओवणारे, कात्री धरलेले, कंटाळून मांडीवर पडलेले. धाकटी ती पानं उलटायची आणि तोंडात बोट घालून बसायची. मागून मात्र एक रेघही नव्हती.

"पोरी, तुला दिसतं काय, ते कळलं," मास्तर म्हणाले. "डोक्यात काय चाललंय तेही कळू दे. सोमवारी वही आण. मागची बाजू कोरी असली तर मी पाठवणार नाही."

ताई घरी आली ती तोंड पाडूनच. "अजून अंगठे चुकतात माझे. ते जमले की मग स्वतःचं काढेन."

"तोवर तुझ्याच अंगठ्यांना सुरकुत्या पडतील," मावशी मशीन न थांबवता म्हणाली.

शनिवारी दुपारी ताईने दुकानातला खाकी कागद पसरला आणि चित्र काढलं. मावशीच्या मशीनमधून कापड निघालंय, दारातून बाहेर पडलंय, त्याचा रस्ता झालाय आणि त्यावरून एक लहान मुलगी चाललीय. मशीनभोवती हातच हात.

"ही मी?" धाकटी हरखली. "अगं, मग वहीत का नाही काढलंस?"

"वही उघडली की हात आखडतो गं. हा काय, रद्दी कागद. उद्या धीर करून वहीत उतरवते. समोर ठेवून, बघून बघून."

रविवारी सकाळी धाकटी खाली आली तेव्हा मावशी एका गिऱ्हाइकाचा कोट त्याच खाकी कागदावर बेतून, कापून मोकळी झाली होती. कागदाची कोरी बाजू वर होती. चित्राचे पाच तुकडे झाले होते.

"अगं बाई! मला काय स्वप्न पडलं होतं?" मावशी कात्री खाली ठेवत म्हणाली. धाकटी रडत रडत तुकडे चिकटवायला खळ शोधायला लागली.

ताईने तुकडे हातात घेऊन पाहिले. बाहीच्या आकाराचा एक तुकडा उजेडात धरला. मग म्हणाली, "निदान चित्राला बाह्या तरी लागल्या." आणि वही मागून उघडून बसली.

काढताना तुकड्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. धाकटी शेजारी बसून बघत होती. पुढून भरलेल्या शंभर पानांवरचे हात एकेक करून मागच्या पानावर येत होते, न बोलावता, जणू घरचेच. खाकी कागदावर ते लाकडासारखे होते. इथे ते दमल्याचं कळत होतं. एक अंगठा चुकला. ताईने तो तसाच ठेवला.

सोमवारी मास्तरांनी ते पान खिडकीशी नेऊन पाहिलं.

"मागून एकच पान?"

"एकच, मास्तर."

"बाकीची छापखान्यात बसून भर."

ताईने तिथे चौतीस वर्षं काढली. रोज आधी अर्धा तास हात काढायची, मग स्वतःचं चित्र. दोन्हींपैकी एकही तिने कधी चुकवलं नाही. मास्तर पुढे थकले, दिसेनासं झालं, तरी ताई भेटायला गेली की विचारायचे, "मागून किती झाली?" मावशी गेली ती ऐंशी ओलांडून; तोवर कागद उलटून पाहिल्याशिवाय तिने पुन्हा कधी कात्री लावली नाही. धाकटीला चित्रातलं ओ की ठो आलं नाही. तिने दुकान चालवलं. मशीनशेजारी भिंतीवर कोटाच्या बाहीचा एक खाकी कागद तिने काचेत लावून ठेवलाय. नवं गिऱ्हाईक विचारतं, ही बाही कुणाची? मग धाकटी चष्मा पुसते आणि त्यावर चाललेली मुलगी दाखवते.